मदत हवी आहे: डेअरीत भावाच्या बुटात कॉस्टिक गेलं, दवाखान्यात मात्र "घरी गरम पाणी सांडलं" असं लिहिलंय

अक्का_सोलापूर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूरची, नीलमनगरला राहते, युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला आहे. एवढं मोठं लिहायची सवय नाही, मोबाईलवरच टाईप करतेय, चुकलं तर समजून घ्या पण ज्याला माहिती आहे त्याने लवकर सांगा, हात जोडते.

माझा धाकटा भाऊ, वय २३, शहराबाहेरच्या एका दूध डेअरीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला आहे. सात महिने झाले. काम धुण्याचं, म्हणजे टाक्या, पाईपलाईन, क्रेट धुवायचं मशीन हे सगळं. गुरुवारी रात्रपाळी होती, पहाटे साडेतीनच्या सुमारास कॉस्टिकचं, म्हणजे धुवायच्या कडक सोड्याचं, पाणी तयार करायचं होतं. याने बादलीत कॉस्टिकचे फ्लेक्स, म्हणजे सुके पापुद्रे, ओतून ठेवले होते आणि सोबतच्या पोराने, तो नवीन आहे, वरून नळीने गरम पाणी सोडलं. भाऊ सांगतो, अक्का आधी नुसता सूं असा आवाज आला आणि मग बादलीतलं सगळं एकदम उसळून अंगावर आलं.

थोडं उजव्या गालावर डोळ्याच्या कडेला उडालं, थोडं हातावर, आणि बरंचसं गुडघ्याखाली. तोंड आणि हात त्याने साध्या नळावर धुतला, दोन तीन मिनिटं. डोळे धुवायचा वेगळा नळ आहे म्हणे तिथं पण त्याच्यापुढं रिकाम्या क्रेटची थप्पी लावलेली. पायात गमबूट होते म्हणून पायाकडं कुणी बघितलंच नाही. पँट बुटात खोचलेली होती, त्यामुळं पँटवरून ओघळलेलं सगळं बुटात गेलं. आणि पाय दुखत नव्हता हो! नुसता कोमट आणि बुळबुळीत लागत होता, त्याला वाटलं साबणाचं पाणी गेलं असेल. तसाच अडीच तास काम करत राहिला.

सहाला पाळी सुटल्यावर बूट काढला तर मोजा निघेना. ओढल्यावर पायाच्या वरच्या भागाची कातडी मोज्यासोबत आली. मी घरी बघितलं तेव्हा कडेची कातडी पांढरीफटक झालेली आणि हात लावला तर ओल्या साबणाच्या वडीवर बोट फिरवल्यासारखं लागत होतं. ते काही केल्या डोळ्यासमोरून जाईना झालंय.

ठेकेदार त्याला लगेच एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला, ते बरं केलं, पण वाटेत गाडीवरच बजावलं की डेअरीचं नाव काढायचं नाही, घरी आंघोळीचं गरम पाणी सांडलं म्हण, बिल मी भरतो, पगारही कापणार नाही. याने तसंच सांगितलं. डॉक्टरांनी पांढरं मलम लावून पट्टी केली, गोळ्या दिल्या, एक दिवसाआड ड्रेसिंग. आज दुसऱ्यांदा पट्टी सोडली तर मधला भाग काळपट तपकिरी झालाय, चामड्यासारखा, आणि तिथं टोचलं तरी कळत नाही म्हणतो. कडेला मात्र हात लावू देत नाही. डोळा लाल आहे, उजेडात पाणी येतं.

माझे प्रश्न: मधे दुखत नाही म्हणजे बरं व्हायलंय का? आता खरं सांगितलं तर आधी खोटं लिहून दिलं म्हणून उलट आमच्यावर काही येईल का? आणि ठेकेदाराचं ऐकून गप्प बसावं का? भाऊ म्हणतो जाऊ दे अक्का, मिटव. मला मिटवायचं नाहीये, पण घरात कमावणारी आम्ही दोघंच आहोत आणि आईला शुगर आहे, तिच्या कानावर अजून घातलेलं नाही.

---

वॉर्डातली_ताई | सोमवार, रात्री १०:०५

अक्का, मी स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं झाली, त्यातली बरीच बर्न वॉर्डात गेली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण तेच तातडीचं आहे. मधे दुखत नाही ही चांगली खूण नाही. जखम खोल गेली की तिथल्या संवेदनेच्या नसाच जळतात म्हणून टोचलेलं कळत नाही. चामड्यासारखा कडक काळपट भाग आणि कडेला ठणका, हे खोल भाजल्याचंच लक्षण आहे. उद्या सकाळी, उद्याच, सिव्हिलला घेऊन जा. सर्जरीच्या ओपीडीत दाखवा आणि डोळ्याच्या विभागात वेगळं दाखवा. डोळ्याचं तर खरं म्हणजे आज रात्रीच कॅज्युअल्टीत दाखवता आलं तर जा, कॉस्टिक डोळ्यात फार लवकर आत शिरतं आणि चार दिवस झालेत.

गरम पाणी आणि कॉस्टिक यात फरक काय ते सांगते, म्हणजे डॉक्टरांना खरं सांगणं का गरजेचं आहे ते कळेल. गरम पाणी सांडलं, ते गार झालं की भाजणं तिथंच थांबतं. कॉस्टिक अंगावर आहे तोवर आत आत जातच राहतं. ॲसिडने कातडीचा वर कडक पापुद्रा होतो आणि बरेचदा तो पुढचं थोडं तरी अडवतो, कॉस्टिक मात्र कातडीतली चरबी साबण करत करत खाली उतरतं. तुम्हाला बोटाला साबणासारखं लागलं ते तेच. आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून माणूस फसतो, तुमच्या भावासारखीच माणसं मी पाहिलीत, बुटात नाहीतर हातमोज्यात घेऊन तासन् तास काम केलेली. अशा वेळी बूट मोजा लगेच काढून वाहत्या पाण्याखाली कमीत कमी वीस मिनिटं, कॉस्टिक असेल तर तासभर सुद्धा पाय धरावा लागतो. गरम पाणी म्हटल्यावर डॉक्टरांनी गरम पाण्याचेच उपचार केले, त्यांना दोष देता येत नाही.

तोपर्यंत: पाय उशीवर उंच ठेवा, काळा भाग खरवडू नका, फोड आले असतील तर फोडू नका, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का ते केसपेपरवर बघा. हळद, टूथपेस्ट, शाई असलं काही लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

---

भीमाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

कॉस्टिक म्हणजे अल्कली ना, मग त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर लावलं की न्यूट्रल होतं, शाळेत शिकलोय आपण. पट्टी सोडल्यावर थोडं लिंबूपाणी टाकून बघा ताई.

---

पाश्चरायझर | सोमवार, रात्री १०:३१

@भीमाकाठ दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण कृपया असं सांगू नका. अल्कली आणि ॲसिड एकत्र आलं की उष्णता तयार होते, म्हणजे जळालेल्या जागी आणखी भाजणं. आणि चार दिवसांनी उघड्या जखमेवर लिंबू पिळून काय होणार आहे? पाणी, फक्त भरपूर वाहतं पाणी, आणि तेही त्याच क्षणी. डेअरीत आम्ही नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो.

अक्का, मी डेअरी लाईनमध्ये १८ वर्षं आहे, त्यातली दहा तर सीआयपीवरच गेली. सीआयपी म्हणजे मशीन न उघडता आतून धुणं. आधी साधं पाणी, मग दीड टक्क्याच्या आसपास कॉस्टिक ७५ ते ८० डिग्रीला, मग पाणी, मग एक टक्क्याच्या आत नायट्रिक ॲसिड ६०-६५ डिग्रीला, मग परत पाणी. लाईनमध्ये फिरतं तेव्हा ते पातळ असतं, तरी गरम असल्याने पोळतंच. पण तुमच्या भावाच्या बादलीत होतं ते पातळ नव्हतं. फ्लेक्सवर पाणी ओतलं की पहिल्या थोड्या पाण्यात प्रचंड घट्ट द्रावण होतं, स्वतःच्या उष्णतेनेच उकळतं आणि उसळतं, त्यात वरून पाणीच गरम. नियम उलटा आहे: आधी गार पाणी, मग त्यात थोडे थोडे फ्लेक्स, ढवळत. पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकमध्ये पाणी नाही. त्या नवीन पोराला हे कुणी सांगितलं नसणार, त्याच्यावर राग धरू नका.

पँटचं तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं कारण ही चूक मी स्वतः शंभर वेळा बघितलीय. पँट बुटाच्या बाहेर, बुटावरून खाली सोडलेली पाहिजे म्हणजे ओघळ बाहेर पडतो. आत खोचली की बूट म्हणजे भरलेलं भांडं. लांब रबरी हातमोजे, तोंडाला पूर्ण शील्ड, पीव्हीसीचा ॲप्रन, आणि डोळे धुवायचा नळ नि शॉवर दहा सेकंदात पोचता येईल इतक्या जवळ, मधे एक क्रेट सुद्धा नको. यातलं काय काय दिलं होतं ते भावाला विचारून लिहून ठेवा.

अजून एक. त्या पोराकडून गोणीवरच्या लेबलचा फोटो मागवा. नुसतं कॉस्टिक होतं की दुसरं काही मिसळलेलं क्लिनिंग केमिकल, हे डॉक्टरांना दाखवता येईल.

---

कामगार_मित्र_बार्शी | सोमवार, रात्री ११:१२

ताई, मी बरीच वर्षं कामगारांच्या कागदपत्रांचं काम करतोय, तुमच्या दुसऱ्या तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

भावाची पगाराची स्लिप बघा आणि त्यात ई.एस.आय., म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, म्हणून काही कापलंय का ते इथे लिहा. पगार किती तेही. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू होते, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. ठेकेदाराचा माणूस असला तरी लागू आहे, आणि ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ कारखान्याची जबाबदारी येते.

कामावर अपघात झाला आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर दिवसाच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, जितके दिवस सर्टिफिकेट तितके दिवस. साध्या आजारपणाला अमुक दिवस वर्गणी भरलेली लागते, कामावरच्या अपघाताला ती अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी मिळतं. पुढं पायात कायमचं काही राहिलं तर मेडिकल बोर्डाकडून टक्केवारी ठरून त्याचं वेगळं मिळतं. आता बघा, केसपेपरवर "घरी गरम पाणी" असेल तर यातलं काहीच मिळत नाही. ठेकेदार आज बिल भरेल, महिन्याने भरेल का? कातडी लावायची वेळ आली तर?

खोटं लिहून दिल्याचं म्हणाल तर घाबरू नका. पहिला केसपेपर फाडू नका, बदलायला लावू नका, जपून ठेवा. सिव्हिलमध्ये खरी हकिगत सांगा, तारीख, वेळ, जागा, कोणतं केमिकल, आणि आधी असं का सांगितलं तेही सांगा. ते एमएलसी करतील, म्हणजे पोलिसात नोंद जाईल, त्याने तुमचं नुकसान नाही. कोऱ्या कागदावर किंवा व्हाउचरवर सही करू नका. तो मोजा आणि बूट टाकून दिला नसेल तर पिशवीत बांधून ठेवा, हात लावताना हातमोजे घाला, अजून त्यात कॉस्टिक असू शकतं.

---

अक्का_सोलापूर | सोमवार, रात्री ११:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. स्लिप सापडली. पगार १३,५०० आहे आणि ई.एस.आय. समोर १०२ लिहिलंय. मोजा आईने भांडी घासायच्या पावडरीच्या डब्याशेजारी टाकला होता, बरं झालं विचारलंत, बाहेर काढून ठेवला.

आज भाऊ शेवटी बोलला की गप्प का बसतोय. त्याला ठेकेदाराची भीती कमी आणि त्या पोराचीच काळजी जास्त आहे. तो आमच्याच गल्लीतला, वडील नाहीत, यानेच त्याला कामाला लावलेलं. म्हणतो खरं सांगितलं तर त्याने पाणी ओतलं म्हणून त्याच्यावर येईल आणि त्याची नोकरी जाईल. यावर काय सांगू त्याला?

---

कामगार_मित्र_बार्शी | सोमवार, रात्री ११:५८

१३,५०० चे ०.७५ टक्के म्हणजे १०१ रुपये २५ पैसे, ते वरच्या रुपयात धरतात म्हणून १०२. म्हणजे हिशोब बरोबर कापला जातोय. आता भरलाय का ते बघायचं, भावाचा दहा आकडी विमा नंबर असेल, तो स्लिपवर किंवा कार्डावर असतो. नसेल तर १८००-११-२५२६ हा ईएसआयचा टोल फ्री आहे, सकाळी लावा.

त्या पोराचं: भावाला सांगा की ईएसआयमध्ये चूक कुणाची हे बघून पैसे देत नाहीत. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरतं. जबाबात जे झालं ते सांगायचं: फ्लेक्स बादलीत होते, गरम पाणी पडलं, उसळलं, कुणी शिकवलं नव्हतं, नळापुढं क्रेट होते. हे शेवटचं दोन्ही मालकाच्या अंगावर आहे, त्या पोराच्या नाही. उलट तो साक्षीदार आहे.

आणि मालकाने ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट द्यायचा असतो, फॉर्म १२. तो द्यायला सांगा, लेखी सांगा, व्हॉट्सॲपवर चालेल पण स्क्रीनशॉट ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता आल्यात त्यामुळे कुणी कायद्याचं नाव वेगळं सांगितलं तर गोंधळू नका, ईएसआय आहेच.

---

अक्का_सोलापूर | बुधवार, रात्री ८:१५

काल दिवसभर सिव्हिललाच होतो म्हणून लिहिता आलं नाही.

सकाळी साडेसातला रिक्षाने गेलो. सर्जरीच्या डॉक्टरांनी विचारलं कशाने भाजलं, तर हा पुन्हा, सर गरम पाणी. सवयच लागली होती तोंडाला. मी मधेच म्हणाले, सर गरम पाणी नाही, कॉस्टिक आहे, डेअरीत उडालं, बुटात अडीच तास होतं. डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं आणि त्याच्याकडं बघून विचारलं, खरं का रे? हा खाली बघत हो म्हणाला आणि रडायला लागला. चार दिवसांत पहिल्यांदा रडला. मग मी गोणीचा फोटो दाखवला, तो त्याच पोराने रात्री पाठवला होता, न मागता स्वतःहून म्हणाला अक्का मी येऊ का सांगायला. तोही सोबत होता.

डोळ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा थेंब टाकून निळ्या लाईटखाली बघितलं, बुबुळाच्या कडेला थोडं खरचटल्यासारखं आहे, नजर ठीक आहे, थेंब दिलेत आणि शुक्रवारी परत बोलावलंय. एवढ्यावर निभावलं.

पायाचं मात्र ताई म्हणाल्या तसंच निघालं. ॲडमिट करून घेतलंय. आज सकाळी काळा भाग काढला, खाली खोल आहे, दोन चार दिवसांत मांडीची कातडी घेऊन लावणार म्हणाले. एमएलसी झालं, पोलीस येऊन जबाब घेऊन गेले, चांगलं बोलले.

ठेकेदाराला कळल्यावर फोन आला, तुम्ही विश्वासघात केला म्हणाला. मी म्हणाले भाऊ, पहाटे तुम्ही त्याला गाडीवर घालून नेलं ते आम्ही विसरलो नाही, पण पाय त्याचा आहे. फॉर्म १२ चं लेखी पाठवलंय त्यांना आणि डेअरीच्या एचआरला पण. एचआरकडून उत्तर आलं, पाठवतो म्हणालेत. टोल फ्रीवर चौकशी केली, विमा नंबर चालू आहे, वर्गणी भरलेली आहे.

आईला पण सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेऊन वॉर्डात आली.

आता विचारायचं एवढंच की कातडी लावल्यावर काय काळजी घ्यायची आणि पुन्हा बूट घालायला किती दिवस लागतील? तो एकसारखा तेच विचारायलाय.

---

वॉर्डातली_ताई | बुधवार, रात्री ९:०२

अक्का, तुम्ही बोललात म्हणून आज काळा भाग निघाला, नाहीतर आत पू धरला असता.

ग्राफ्ट लावल्यावर पहिले काही दिवस ती कातडी खालच्या जागेला चिकटून जीव धरते, त्यामुळं पाय अजिबात हलवायचा नाही, प्लास्टरची पट्टी (स्लॅब) लावतील. पहिली पट्टी साधारण पाचव्या दिवशी उघडतात, तोपर्यंत वास आला, ताप आला किंवा पट्टी भिजली तर लगेच सिस्टरला सांगा. मांडीची जागा ग्राफ्टपेक्षा जास्त दुखते, हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतो माणूस. ती साधारण दोन आठवड्यांत भरते. पाय खाली लोंबकळत ठेवून बसायचं नाही, चालायला लावतील तेव्हा आधी क्रेप बँडेज बांधून. अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे भरपूर द्या, जखम भरायला प्रोटीन लागतं, म्हणजे आईंची चटणी चालू राहू दे. पूर्ण भरल्यावर खोबरेल तेलाने हलकी मालिश, ऊन लागू द्यायचं नाही, आणि घट्ट पट्टी किंवा प्रेशर मोजा काही महिने वापरावा लागेल, नाहीतर व्रण जाड होतो आणि घोट्यापाशी आखडतं. फिजिओथेरपी टाळू देऊ नका.

गमबूट घाईने नको. नवी कातडी पातळ असते, आत घाम आणि घर्षणाने परत फुटते. सर्जन सांगतील तेव्हाच, आणि तोवर सर्टिफिकेट चालू ठेवा. सिव्हिलची कागदं घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात दाखवा, रजेचं सर्टिफिकेट तिथूनच लागतं.

---

पाश्चरायझर | बुधवार, रात्री ९:२०

अक्का, त्या गल्लीतल्या पोराला माझ्याकडून एक निरोप द्या. उद्या पाळीला गेला की आधी नळापुढचे क्रेट बाजूला करायला सांग, नळ सोडून पाणी येतंय का बघ, मगच गोणीला हात लाव. आणि पँट बाहेर.

---

अक्का_सोलापूर | बुधवार, रात्री ९:४८

सांगितलं दादा. तो इथंच बाकावर बसलाय, आजची रात्र तो थांबणार आहे भावाजवळ, मला सकाळी कामावर जायचंय म्हणून. शुक्रवारी डोळ्याचं दाखवून आले की लिहिते.